धातूची भिंत आणि प्लाझ्माचे स्थैर्य
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येईल अशा एका प्रयोगाने या विषयाचा प्रारंभ करणे उचित ठरेल. एक मीटर लांबीची तांब्याची नळी उभी धरावी. तिच्या वरच्या तोंडातून प्रथम लोखंडाचा एक लहानसा तुकडा सोडावा. तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली पडतो. मग त्याच आकाराचा एक शक्तिशाली चुंबक सोडावा. चुंबक मात्र नळीच्या भिंतीला न चिकटता संथपणे उतरत राहतो आणि काही सेकंदांनी बाहेर येतो. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला तर्क असा असतो, की तांबे चुंबकाला ओढून धरत असले पाहिजे. परंतु तोच चुंबक नळीला बाहेरून लावून पाहिला तर तो चिकटत नाही. मग त्याला अडवले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर दहावीच्या आसपासच्या पाठ्यपुस्तकात आहे. मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिले, की वाहकाभोवतीचे चुंबकक्षेत्र बदलले म्हणजे वाहकात विद्युत्प्रवाह प्रवर्तित होतो. १८३४ साली हाइन्रिक लेन्झ याने त्या प्रवाहाची दिशा सांगितली. ज्या बदलामुळे प्रवाह निर्माण झाला, त्या बदलालाच तो विरोध करतो. चुंबक खाली येऊ लागताच नळीच्या भिंतीत गोलाकार भोवरा-प्रवाह वाहू लागतात आणि त्यांचे चुंबकक्षेत्र चुंबकाला वर रेटते. मात्र तांब्याला थोडा विद्युत्रोध असतोच. त्यामुळे हे प्रवाह विरत जातात आणि चुंबक हळूहळू का होईना, खाली उतरतो. नळीला विद्युत्रोध मुळीच नसता तर चुंबक तिच्यात अधांतरी राहिला असता. धातूची भिंत पतन थांबवीत नाही, ते लांबविते. हे एक वाक्य ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विषय अवघड राहत नाही.

सूर्याच्या गर्भात हलकी अणुकेंद्रके एकत्र येऊन जड केंद्रके बनतात आणि त्यातून ऊर्जा मुक्त होते. हे अणुसंमीलन पृथ्वीवर घडवून त्यातून वीज मिळवावी, हा शास्त्रज्ञांचा सात दशकांहून अधिक काळ चाललेला प्रयत्न आहे. हायड्रोजनची ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही दोन समस्थानिके त्यासाठी सर्वांत सोयीची. तरीही त्यांना सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस तापमान लागते. हे तापमान सूर्याच्या केंद्रातील तापमानाच्या दहापट आहे. एवढ्या उष्णतेत वायूचे अणू फुटून इलेक्ट्रॉन आणि केंद्रके सुटी होतात. या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. तो धारण करील असे कोणतेही भांडे नाही. परंतु प्लाझ्मा विद्युत्वाहक असल्यामुळे चुंबकक्षेत्र त्याला अंतराळी तोलून धरू शकते.

१९५०च्या सुमारास सोव्हिएत संघातील ईगॉर ताम आणि आंद्रेई साखारोव्ह यांनी त्यासाठी मेदुवड्यासारख्या कड्याच्या आकाराचे पात्र सुचविले. त्यातूनच टोकामॅक हे यंत्र उदयास आले. त्यात बाहेरील वेटोळ्यांचे चुंबकक्षेत्र असतेच. शिवाय खुद्द प्लाझ्मामधूनही मोठा प्रवाह वाहवितात. दोन्ही क्षेत्रे मिळून मळसूत्रासारख्या पिळाच्या रेषा तयार होतात आणि त्या प्लाझ्माला बांधून ठेवतात. १९६८ साली मॉस्कोच्या टी-३ या टोकामॅकचे निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा त्यांवर विश्वास बसेना. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या कल्हॅम प्रयोगशाळेतील पथकाने लेसरसह मॉस्कोला जाऊन स्वतः तापमान मोजले आणि ते एक कोटी अंशांच्या घरात असल्याचे मान्य केले. शीतयुद्धाच्या काळातील विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचा हा एक उत्तम नमुना होय. त्या टी-३ यंत्रात प्लाझ्माभोवती तांब्याचे जाड कवच होते. ते का होते, हाच आजचा विषय आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय यंत्राचे उदाहरण घेऊ या. त्यातील प्लाझ्माचे घनफळ सुमारे ८३० घनमीटर राहील. परंतु तो इतका विरळ असेल की त्याचे वस्तुमान एका ग्रॅमहूनही कमी भरेल. त्यातून वाहणारा प्रवाह मात्र १ कोटी ५० लाख अँपिअर असावा, अशी योजना आहे. घरातील गीझर किंवा वातानुकूलन यंत्राच्या जोडणीची क्षमता साधारण १६ अँपिअर असते, ही तुलना पुरेशी बोलकी आहे. प्लाझ्माचे वजन नगण्य असले तरी त्यातील प्रवाहाचे बळ प्रचंड असते, आणि स्थैर्याचे सारे प्रश्न या प्रवाहाशी निगडित आहेत.

त्यांतील पहिला प्रश्न उभ्या दिशेतील घसरणीचा. प्लाझ्माचा छेद वर्तुळाकार ठेवण्यापेक्षा उभट, अंड्यासारखा केला, तर त्याच चुंबकक्षेत्रात अधिक प्रवाह सुरक्षितपणे वाहविता येतो आणि उष्णताही अधिक चांगली कोंडली जाते. त्यासाठी वर आणि खाली वेटोळी बसवून प्लाझ्माला दोन्ही बाजूंनी ताणतात. समांतर आणि एकाच दिशेने वाहणारे प्रवाह परस्परांना आकर्षितात, या नियमावर हा ताण आधारलेला आहे. परंतु याच नियमात धोकाही दडलेला आहे. प्लाझ्मा यत्किंचित वर सरकला, की वरचे वेटोळे त्याला अधिक जोराने ओढते आणि खालच्याची पकड ढिली पडते. सरकणे वाढले की ओढ वाढते, ओढ वाढली की सरकणे वाढते. तळहातावर काठी उभी तोलून धरणाऱ्या मुलाची जी अवस्था, तीच येथे यंत्राची होते.

काठी तोलणारा मुलगा यशस्वी होतो, कारण काठी कलण्यास लागणारा वेळ त्याच्या हाताच्या हालचालीला पुरेसा असतो. काठी पेन्सिलीएवढी आखूड केली, तर तिला तोलणे जवळजवळ अशक्य होते. प्लाझ्माभोवती काहीच नसते तर तो काही मायक्रोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात, घसरून गेला असता. एवढ्या वेळात त्याची स्थिती मोजून, गणित करून, हजारो अँपिअरचा प्रवाह बदलील असा कोणताही वीजपुरवठा अस्तित्वात नाही.

येथे तांब्याची नळी पुन्हा उपयोगी पडते. प्लाझ्माभोवती धातूची भिंत असली, तर तो सरकू लागताच भिंतीत भोवरा-प्रवाह उत्पन्न होतात. प्लाझ्मा ज्या बाजूस सरकतो, त्या बाजूच्या भिंतीत उलट दिशेचे प्रवाह वाहू लागतात आणि त्याला मागे रेटतात. या भिंतीला वीज जोडावी लागत नाही, की कोणी आज्ञा द्यावी लागत नाही. म्हणूनच अशा पट्ट्यांना ‘निष्क्रिय स्थिरक’ म्हणतात. भिंतीतील प्रवाह विरेपर्यंत, म्हणजे मिलिसेकंदांच्या, तर मोठ्या यंत्रांत त्याहूनही अधिक अवधीपर्यंत, प्लाझ्मा थोपवून धरला जातो. मायक्रोसेकंदांचे मिलिसेकंद झाले, की नियंत्रक वेटोळ्यांना आपले काम करण्यास उसंत मिळते. भिंतीने वेळ मिळवून द्यावा आणि वेटोळ्यांनी त्या वेळात तोल सावरावा, अशी ही श्रमविभागणी आहे.

मात्र तीच भिंत वेटोळ्यांच्याही मार्गात उभी असते. वेटोळी भिंतीबाहेर असतील, तर त्यांचे सुधारणारे क्षेत्र भिंतीतून आत पोहोचण्यास तेवढाच विलंब लागतो. लेन्झचा नियम मित्र आणि शत्रू असा भेद करीत नाही. या कारणास्तव इटरच्या रचनेत उभ्या दिशेतील स्थैर्यासाठी काही खास वेटोळी निर्वात पात्राच्या आतच बसविण्याचे ठरले. तीव्र किरणोत्साराच्या सान्निध्यात विजेची वेटोळी ठेवणे ही सोपी गोष्ट नव्हे. तरीही तो मार्ग पत्करावा लागला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते.

दुसरा प्रश्न प्लाझ्माच्या दाबाचा. संमीलनातून मिळणारी शक्ती ढोबळमानाने दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दाब दुप्पट केला तर शक्ती सुमारे चौपट होते. साहजिकच दाब वाढविण्याकडे अभियंत्यांचा कल असतो. परंतु एका मर्यादेनंतर प्लाझ्माचा पृष्ठभाग फुगतो, पिळवटतो आणि नागमोडी होऊन भिंतीकडे झेपावतो. लोझान येथील फ्रान्सिस ट्रॉयाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली, भिंतीचे साहाय्य न धरता, या मर्यादेचे एक सुटसुटीत सूत्र मांडले. भिंत पुरेशी जवळ असेल आणि ती परिपूर्ण वाहक असेल, तर ही मर्यादा बरीच वर नेता येते, असे गणित सांगते. प्लाझ्माचा फुगवटा भिंतीकडे येऊ लागला, की भिंतीतील प्रवाह त्याला परतवून लावतात.

परंतु परिपूर्ण वाहक अशी भिंत नसते. भोवरा-प्रवाह विरत जातात आणि थोपवून धरलेली अस्थिरता भिंतीच्या कालमानानुसार संथपणे पुन्हा डोके वर काढते. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील ‘डीआयआयआय-डी’ या यंत्रावर या संथ अस्थिरतेचा दीर्घकाळ अभ्यास झाला. प्लाझ्मा कड्याच्या दिशेने वेगाने फिरत ठेवला, किंवा सुधारक वेटोळ्यांनी वेळीच प्रतिकार केला, तर भिंतीविना सांगितलेली मर्यादा ओलांडूनही प्लाझ्मा स्थिर राहू शकतो, असे तेथे दिसून आले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील ‘एचबीटी-ईपी’ या लहानशा यंत्रात तर भिंतीचे तुकडे पुढे-मागे सरकविता येतात. भिंत प्लाझ्माजवळ आणली की अस्थिरता दबते आणि दूर नेली की उफाळते, हे तेथे दाखविले गेले. इटलीतील पादुआ येथील ‘आरएफएक्स-मॉड’ या यंत्रात पातळ तांब्याच्या कवचाबाहेर १९२ वेटोळी बसविली होती. प्रत्येक वेटोळे स्वतंत्रपणे नियंत्रित करून, जणू ती भिंत परिपूर्ण वाहक आहे असा परिणाम तेथे साधण्यात आला.

मग भिंत शक्य तितकी जवळ आणि शक्य तितक्या जाड तांब्याची का करू नये? येथे अभियंत्याची खरी परीक्षा आहे. ड्यूटेरियम-ट्रिटियम संमीलनात मिळणाऱ्या ऊर्जेचा सुमारे चार-पंचमांश भाग वेगवान न्यूट्रॉनांच्या रूपाने बाहेर पडतो. त्या न्यूट्रॉनांना अडवून त्यांची उष्णता मिळविण्यासाठी आणि त्यांच्याकडून लिथियमपासून नवे ट्रिटियम तयार करवून घेण्यासाठी प्लाझ्मा आणि निर्वात पात्र यांच्या मध्ये जाड आवरण घालावे लागते. वीजनिर्मितीच्या यंत्रात या आवरणाला पुष्कळ जागा द्यावी लागते. म्हणजे स्थैर्याला भिंत जवळ हवी, तर न्यूट्रॉनांना ती दूर हवी. प्रवाहाला सलग धातू हवा, तर दुरुस्तीसाठी सुटे होणारे तुकडे हवेत. शिवाय कड्याभोवती अखंड तांब्याचे कवच असले, तर प्लाझ्मा सुरू करण्यासाठी दिलेल्या विद्युत्दाबाचा मोठा वाटा ते कवचच गिळून टाकते. त्यामुळे कोठे चीर ठेवायची, कोठे जोड द्यायचा, कोठे पोलाद आणि कोठे तांब्याचा मिश्रधातू वापरायचा, यांचा निर्णय तारतम्याने करावा लागतो.

तिसरा प्रश्न भिंतीच्या असमानतेचा. गणितातील भिंत सर्वत्र सारखी असते; प्रत्यक्षातील भिंतीला मापनयंत्रांसाठी आणि तापविण्याच्या साधनांसाठी झरोके असतात, सांधे असतात. वेटोळी बसविताना राहिलेली मिलिमीटरांची चूकही प्लाझ्माला जाणवते. मुख्य क्षेत्राच्या दहा हजारांश भागाएवढे विषम क्षेत्रही फिरत्या प्लाझ्माला ब्रेक लावू शकते आणि प्लाझ्मा थांबला, की एका जागी रुतून बसलेली विकृती वाढत जाते. त्यात भावी यंत्रांसाठी सुचविलेले पोलाद लोहचुंबकीय आहे. न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ते कमी फुगते आणि त्यात दीर्घकाळ टिकणारा किरणोत्सार कमी निर्माण होतो, म्हणून ते पसंत केले जाते. परंतु ते स्वतःच चुंबकक्षेत्र वाकविते. जपानमधील ‘जेएफटी-२एम’ या यंत्राच्या आतल्या बाजूस अशा पोलादाचे पत्रे लावून ते प्लाझ्माला चालते का, याची पडताळणी झाली. २००९ साली सॅन डिएगोच्या यंत्रात, इटरमध्ये बसणाऱ्या पोलादी चाचणी-संचाचा चुंबकीय परिणाम कृत्रिमरीत्या निर्माण करून पाहिला गेला. तेव्हा प्लाझ्माचे फिरणे मंदावल्याचे आढळले.

याच पोलादाचा दुसरा गुण मात्र उपकारक आहे. इटरच्या कड्याभोवती १८ मुख्य वेटोळी आहेत. वेटोळ्याखाली क्षेत्र थोडे अधिक, दोन वेटोळ्यांच्या मध्ये थोडे कमी, अशी त्या क्षेत्रात लहर उमटते. निर्वात पात्राच्या दुहेरी भिंतींमधील पोकळीत योग्य जागी लोहचुंबकीय पोलादाचे ठोकळे बसविले, की ही लहर सौम्य होते. या पोकळीतील संरक्षक ठोकळे पुरविण्याची जबाबदारी भारताकडे आहे. सर्व यंत्राला वेढणारे, सुमारे ३० मीटर उंचीचे शीतपात्रही भारतानेच दिले असून त्याचे भाग सुरतजवळच्या हजिरा येथे घडविले गेले. भारत २००५ साली या प्रकल्पात सहभागी झाला. प्लाझ्माच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या धातूचा विचार करताना भारतीय कारखान्यातील जोडारी आणि तपासनीस यांच्या हातांचाही विचार करावा लागतो. कारण तेथील मिलिमीटरचा हिशेब शेवटी प्लाझ्माच्या हिशेबात उतरतो.

भारतातील प्रयत्न याहून जुना आहे. अहमदाबाद आणि गांधीनगर यांच्या दरम्यान, भाट येथे साबरमतीच्या काठी प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. प्रेधिमन कृष्ण कौ हे तिचे संस्थापक-संचालक. तेथे १९८९ साली ‘आदित्य’ हा देशात घडविलेला टोकामॅक सुरू झाला. त्याची सुधारित आवृत्ती ‘आदित्य-यू’ आज तेथे आहे. २०१३ साली त्याच संस्थेतील ‘एसएसटी-१’ या अतिसंवाहक चुंबकांच्या यंत्रात पहिला प्लाझ्मा मिळाला. उभट प्लाझ्मासाठी आखलेल्या या यंत्रात तांब्याच्या मिश्रधातूचे निष्क्रिय स्थिरक योजलेले आहेत. तांब्याच्या नळीचा तोच नियम तेथे साबरमतीकाठी कामाला लावलेला आहे.

शेवटचा प्रश्न, स्थैर्य हातातून निसटले तर काय, हा. तेव्हा प्लाझ्माची उष्णता आणि त्यातील प्रवाह काही मिलिसेकंदांत नाहीसे होतात. लेन्झच्या नियमानुसार तो नाहीसा होणारा प्रवाह भिंतीत उतरू पाहतो. प्लाझ्मा भिंतीला टेकला, तर त्यातील प्रवाहाचा काही भाग थेट धातूतून वाहतो आणि चुंबकक्षेत्रात असलेल्या त्या धातूवर प्रचंड बळ येते. ब्रिटनमधील ‘जेट’ या यंत्राचे भलेमोठे निर्वात पात्र अशा प्रसंगी काही मिलिमीटर बाजूला सरकल्याच्या नोंदी आहेत. इटरसारख्या यंत्रात ही बळे हजारो टनांच्या मापाची असू शकतात. म्हणून तेथे संकटाची चाहूल लागताच गोठविलेल्या वायूच्या गोळ्यांचे तुकडे प्लाझ्मात मारून त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने सर्वत्र पांगविण्याची योजना आहे. जी भिंत तोल सावरते, तिलाच तोल गेल्यावरचा आघात सोसावा लागतो.

या साऱ्याचे फलित काय, असे पालकांनी विचारले तर ते रास्तच आहे. १९५५ साली जिनिव्हा येथे भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगाविषयीच्या परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते. दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रणात येईल, अशी आशा त्यांनी तेथे व्यक्त केली होती. ती मुदत कधीच उलटली. भाभांची दृष्टी चुकली असे म्हणण्यापेक्षा, प्लाझ्माच्या शेजाऱ्यांचा हिशेब तेव्हा मांडलाच गेला नव्हता असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. सूर्याला भिंत नसते. पृथ्वीवरील यंत्राला ती टाळता येत नाही. गेल्या अनेक दशकांतील विलंबाचा एक भाग या भिंतीशी समजूत घालण्यात गेला आहे आणि ते काम अद्याप संपलेले नाही. आजच्या पाचवी-सहावीतील विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाच्या वर्षांतही ते चालू राहील. म्हणूनच हा विषय शाळेच्या व्यासपीठावर मांडणे योग्य आहे.

परप्रांतात मराठी माध्यमाची शाळा चालविणाऱ्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जातो : या भाषेत शिकून मुले पुढच्या विज्ञानाशी कसा सामना करतील? त्याचे उत्तर आजच्या विषयातच आहे. जगातील सर्वांत गुंतागुंतीच्या यंत्रांपैकी एका यंत्राचा मर्मभाग लेन्झच्या नियमावर उभा आहे आणि तो नियम मराठीत शिकविता येतो, मराठीत समजतो. परिभाषा पुढे इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा जपानीत भेटेल. परंतु चुंबक नळीत का रेंगाळला, हा प्रश्न मुलाला पहिल्यांदा ज्या भाषेत पडला, त्या भाषेत त्याचे उत्तर मिळाले पाहिजे. ते एकदा नीट उमगले, की बाकीचे शब्द शिकता येतात. ते उमगले नाही, तर पुढचे सारे शब्द पाठांतर ठरतात.

तांब्याची नळी चुंबकाला कायमचे धरून ठेवीत नाही. ती त्याला उसंत देते. शाळाही विद्यार्थ्याला कायमची आपल्यापाशी ठेवीत नाही. जगाच्या ओढीत त्याचा तोल जाऊ नये एवढा अवधी ती त्याला मिळवून देते. साठ वर्षे हे काम करीत आलेल्या या शाळेला आणि तिच्या गुरुजनांना हीरक महोत्सवानिमित्त सादर वंदन. समारंभानंतर शाळेच्या प्रयोगशाळेत एक नळी आणि एक चुंबक ठेवलेला असेल. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि उत्तर सांगण्याची घाई करू नये.